हिरव्या डोंगराची विंडोज

"मास्तर, तुमचं थे सॉफ्टवेअर माह्या डब्ब्यावर चालून नाही रायलं."

"विंडोज कोणती आहे, भाऊ?"

"थांबा, पाह्यतो." मग बराच वेळ फोनमध्ये नुसता पंख्याचा आवाज. "हिरव्या डोंगरावाली."

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात विंडोजला नंबर नसतात, चित्रं असतात. हिरवा डोंगर म्हणजे एक्सपी. निळ्यावर चार रंगांची फडकती खिडकी म्हणजे सेव्हन. अंधाऱ्या खोलीत खिडकीतून उजेड येतो ती दहा. निळं फूल उमलतं ती अकरा. ती मी बँकेत पाहिली आणि दिवाळसणाला आलेल्या एका जावयाच्या लॅपटॉपवर. आठ नंबरची विंडोज कधी आली आणि कधी गेली हे दारव्ह्यापासून वणीपर्यंत कोणाला कळलं नाही. चित्र बदललेलं असेल तर मात्र पंचाईत होते. "गजानन महाराजवाली" असं उत्तर आलं की पुढं काय विचारणार?

हिरव्या डोंगराबद्दल एक सांगून टाकतो, कारण मे महिन्यात 44-45 अंशांत आमच्याकडे हिरवं म्हणून तेवढंच उरतं. तो फोटो चार्ल्स ओरिअर नावाच्या छायाचित्रकारानं जानेवारी 1996 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सोनोमा काउंटीत काढला. तिथं आधी द्राक्षाच्या बागा होत्या. फायलॉक्सेरा नावाच्या किडीनं वेली खाल्ल्या, शेतकऱ्यांनी त्या उपटून टाकल्या आणि मोकळ्या जागेत गवत माजलं. जगानं ज्याला निसर्गसौंदर्य म्हटलं ते कीड पडलेलं वावर होतं. बोंडअळीच्या जिल्ह्यात हा डोंगर अजून टेबलाटेबलांवर टिकून आहे, यात मला तरी योगायोग दिसत नाही.

तर विषय सॉफ्टवेअरचा. दारव्हा रोडवर माझा टायपिंग आणि कॉम्प्युटरचा क्लास आहे. रिकाम्या वेळात मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. कृतिदेव या जुन्या फॉन्टमधला मजकूर तो युनिकोडमध्ये आणून देतो. कृतिदेवात 'कापूस' लिहिलं तर पडद्यावर कापूसच दिसतो, पण कॉम्प्युटरच्या पोटात तो इंग्रजीतला डी, के, आय, डब्ल्यू, एल असतो. फाइल दुसऱ्या मशीनवर नेली आणि तिथं तो फॉन्ट नसला, की कापूस उडून जातो आणि नुसती पऱ्हाटी उरते. त्यात वेलांटीचा वेगळाच तमाशा. पहिली वेलांटी कृतिदेवात अक्षराच्या आधी टाइप करायची, युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर साठवायची. रफाराचं बरोबर उलटं. 'विदर्भ' या एवढ्याशा शब्दात दोन्ही भानगडी आहेत. पहिलं वर्षभर आमच्या प्रोग्रॅममधून विदर्भ सरळ बाहेर पडलाच नाही. वेगळा विदर्भ लांबच, साधा विदर्भ नीट उमटेना.

प्रोग्रॅम ओपन सोर्स आहे. म्हणजे फुकट, आणि आतलं सगळं उघडं. कोणीही पाहावं, दुरुस्त करावं, आपलं म्हणून वाटावं. नाव द्यायचं राहून गेलं, म्हणून लोक त्याला यवतमाळवालं सॉफ्टवेअर म्हणतात. चालवणारे आम्ही अडीच जण. एक मी. दुसरा माझा जुना विद्यार्थी, सध्या हिंजवडीत नोकरीला. उरलेला अर्धा म्हणजे वणीचा एक इंजिनीअरिंगचा पोरगा. तो सुट्टी लागली की उगवतो आणि परीक्षा आली की मावळतो.

भांडण सुरू झालं ते एका रविवारी, व्हिडिओ कॉलवर. हिंजवडीवाला म्हणाला, "सर, एक्सपी, सेव्हन, आठ, सगळ्यांचा सपोर्ट काढून टाकू. मायक्रोसॉफ्टनंच काढलाय." त्याला सगळ्या पुण्यतिथ्या पाठ. एक्सपी 8 एप्रिल 2014, सेव्हन 14 जानेवारी 2020, आठ पॉइंट एक 10 जानेवारी 2023, आणि दहा नंबर 14 ऑक्टोबर 2025, ऐन दिवाळीच्या तोंडावर. मी म्हटलं, अरे, मग आपल्या जिल्ह्यात उरतो कोण? बँक आणि जावई.

'सपोर्ट' या शब्दानं आमच्याकडे आधीच पुष्कळ गोंधळ घातलेला आहे. यवतमाळात सपोर्ट निवडणुकीत करतात. एका शाळेतल्या लिपिकाला मी फोनवर म्हणालो, "आम्ही सेव्हनला सपोर्ट करावा की नाही, हे ठरवतोय." तो आवाज खाली घेऊन म्हणाला, "मास्तर, उघड नका सांगू. शेवटच्या रात्री ठरवा."

हा लिपिक सेव्हनवाला. त्याच्याकडे प्रोग्रॅम उघडला की एक फाइल सापडत नसल्याची तक्रार येई. मी म्हटलं, नाव वाचून दाखवा. त्यानं शाळेच्या हजेरीसारखं खणखणीत वाचलं: "एपीआय आडवी रेघ, एमएस आडवी रेघ, विन आडवी रेघ, सीआरटी आडवी रेघ, रनटाइम आडवी रेघ, मंग एक दांडा, परत एक दांडा..."

"पहिला दांडा एल आहे की एक?"

"दोन्ही दांडेच हायेत, मास्तर. ओळखू कसे?"

ज्यांनी सेव्हनवर एखादं नवीन सॉफ्टवेअर टाकून पाहिलं आहे, त्यांना ही दांड्यांची फाइल माहीत असेल. इलाज सोपा आहे: मायक्रोसॉफ्टचं एक जुनं अपडेट टाकायचं. पण त्याच्या मशीनवर अपडेट कायमचं बंद करून ठेवलेलं, कारण एकदा ते चालू राहिलं तेव्हा कोपऱ्यात ही प्रत अस्सल नाही अशी पाटी उमटली आणि नेमके त्याच दिवशी तपासणीला साहेब आले.

हिंजवडीवाल्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं, हे मान्य करतो. आमचा प्रोग्रॅम पायथनमध्ये लिहिलेला आहे. पायथनची 3.4 ही एक्सपीवर चालणारी शेवटची आवृत्ती, 3.8 ही सेव्हनवर चालणारी शेवटची. त्या 3.8 चंही आयुष्य ऑक्टोबर 2024 मध्ये संपलं. म्हणजे निर्णय आमच्या हातात आहे असं आम्हाला वाटत होतं तेवढंच. कालव्याच्या टेलवरच्या शेतकऱ्यानं ऊस लावायचा की नाही याची कितीही चर्चा करावी. पाणी वर अडलेलं असतं.

मग आम्ही मोठ्या घरच्या लोकांनी काय केलं ते पाहिलं. आपल्या घरात भांडण झालं की शेजाऱ्याचं काढायचं, ही रीतच आहे.

फायरफॉक्सवाल्यांनी एक्सपीला 52 व्या आवृत्तीवर निरोप दिला. सेव्हन आणि आठसाठी 115 ही शेवटची, जुलै 2023 ची. तिला सुरक्षेची डागडुजी सप्टेंबर 2024 पर्यंत मिळणार होती. मग मार्च 2025 झालं, मग सप्टेंबर 2025, मग मार्च 2026. हे वाचून मला एकदम आपल्या माणसांत आल्यासारखं वाटलं. मुदतवाढ! अर्ज भरायची शेवटची तारीख ही फक्त घाबरवायला असते, हे शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही. पण तिकडच्या लोकांनाही ते उमगलेलं पाहून बरं वाटलं. लिब्रेऑफिस कडक निघालं: ऑगस्ट 2025 च्या 25.8 पासून दहा नंबरच्या खालच्यांना दार बंद. व्हीएलसीवाले मात्र दिलदार. पॅरिसच्या एका कॉलेजातल्या पोरांनी 1996 मध्ये सुरू केलेलं ते काम. त्यांची तिसरी आवृत्ती 2018 ची, आणि ती हिरव्या डोंगरावरही चालते. आमच्याकडच्या लग्नांच्या सीड्या आजही त्यावर फिरतात ते उगीच नाही.

सगळ्यात निर्मोही लिनक्सवाले. लिनस टोरवाल्ड्सनं 1991 मध्ये लिनक्स लिहिलं ते स्वतःच्या 386 चिपच्या कॉम्प्युटरवर. 2013 मध्ये कर्नलच्या 3.8 आवृत्तीत त्याच 386 ला रजा दिली. पाळणा मोडून चुलीत घातला म्हणा ना. याच्या उलट उबंटूची फजिती: जून 2019 मध्ये त्यांनी 32 बिटची सगळी पॅकेजं बंद करतो म्हणून जाहीर केलं, गेम खेळणाऱ्या पोरांनी असा काही आरडाओरडा केला की आठवड्याभरात माघार घेतली. आणि खुद्द मायक्रोसॉफ्ट? एक्सपीचं तेरावं 2014 मध्ये उरकलं होतं. मे 2017 मध्ये वॉनाक्राय नावाची साथ आली, तेव्हा त्यांनी एक्सपीसाठी औषध काढलं. तीन वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाला लस!

एवढं वाचून झाल्यावर मला शंका आली, की हे सगळे लोक मशीन न पाहताच ठरवतात. आमच्याकडे तर मोजणीचीही सोय नाही. मोठी सॉफ्टवेअरं गुपचूप घरी निरोप पाठवतात, अमुक इतके लोक अमुक विंडोजवर आहेत म्हणून. आमच्याकडे असा निरोप म्हणजे माझा मोबाइल. आणि ज्याचं चालतं तो काही फोन करत नाही. म्हणून एका शनिवारी गाडीला किक मारली आणि निघालो, डोंगर बघायला.

पहिला मुक्काम आर्णीकडच्या एका छापखान्यात. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, सत्यनारायणाची हँडबिलं. मशीन एक्सपी, त्यावर पेजमेकर 7, कीबोर्डावरची अक्षरं झिजून पांढरी. मालक काकाजी सत्तरीचे. मी विचारलं, नवीन कॉम्प्युटर का नाही घेत? त्यांनी मला मशीनच्या मागं नेलं, बॅटरी मारली आणि प्रिंटरच्या 25 पिनांच्या पोर्टाला खोचलेली काडेपेटीएवढी डबी दाखवली. "हे फॉन्टचं कुलूप. हे काढलं की फॉन्ट मुका. नव्या कॉम्प्युटरले हे भोकच नाही देत आता." मग म्हणाले, "मी जुन्या विंडोजवर नाही बसलो, बाबू. मी या भोकावर बसलो हावो."

दुसरा मुक्काम पांढरकवड्याच्या वाटेवर, एका जिनिंगच्या धर्मकाट्यावर. कापसाच्या गाड्यांची रांग, आणि पत्र्याच्या केबिनमध्ये काट्यावरचा मुनीम. काटा नऊ पिनांच्या वायरीनं कॉम्प्युटरला जोडलेला, कॉम्प्युटर डॉट मॅट्रिक्सला, आणि डॉट मॅट्रिक्स मुनिमाच्या सहनशक्तीला. त्याच्याकडे 2006 पासूनची गावनिहाय नावं कृतिदेवात आहेत. ती त्याला व्हॉट्सॲपवर पाठवता येण्यासारखी करून पाहिजेत; म्हणून आमचा प्रोग्रॅम.

मी बसलेलो असताना त्यानं मशीन चालू केलं. कोपऱ्यातल्या घड्याळात 1 जानेवारी 2002. आतला गोल सेल कधीचा संपलेला. मुनिमानं शांतपणे तारीख दुरुस्त केली, भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे पाहून, आणि पहिली गाडी घेतली. हे तो रोज सकाळी करतो. लाइट गेली की पुन्हा. मी म्हटलं, अहो, सेल तीसेक रुपयांचा मिळतो, बदलून टाकू. तो घाबरला. "उघडू नका, मास्तर! चालून रायलं तवर चालू द्या."

परतताना माझ्या डोक्यात तेच घोळत राहिलं. ज्या मशीनवर रोज 2002 उजाडतं, त्याच्यासाठी 8 एप्रिल 2014 आलेलीच नाही. त्याचा सपोर्ट संपायला अजून बारा वर्षं आहेत, आणि उद्या सकाळीही बाराच असतील.

हे सगळं हिंजवडीवाल्याला सांगितलं. तो म्हणाला, "सर, फाइल पेनड्राइव्हवर घ्यायची, दुसऱ्या मशीनवर बदलायची. एवढं सोपं आहे." मी म्हटलं, मुनिमाच्या पोरानं पेनड्राइव्हमधून सिनेमे आणले होते, तेव्हापासून मालकानं यूएसबीच्या भोकांत एमसील भरलंय. त्यावर तो दहा सेकंद गप्प होता. मग चिडून थेट वऱ्हाडीवर आला, "मंग त्याईनं फाइल बाहेर काढाची तरी कशी?" सीडीवर, मी म्हटलं. सीडी ड्राइव्ह आहे. आठवड्यातून दोनदा उघडतो.

इथं मला आमच्या शकुंतला रेल्वेचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. यवतमाळ ते मूर्तिजापूर, 113 किलोमीटरची अडीच फुटी लाइन, इंग्रज कंपनीनं आमचा कापूस बाहेर न्यायला टाकलेली. तिचं वाफेचं इंजिन 1921 साली मँचेस्टरला बनलं आणि ते ओढत राहिलं 15 एप्रिल 1994 पर्यंत. त्या दिवशी डिझेल इंजिन आलं. मधे दुसरं महायुद्ध झालं, इंग्रज गेले, राज्यं नव्यानं आखली गेली, आम्ही मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आणि तिथून महाराष्ट्रात आलो, इंजिन तेच. मालकीसुद्धा स्वातंत्र्यानंतर त्या खासगी कंपनीकडेच राहिली. उबंटूवाले काही आवृत्त्यांना पाच वर्षं सांभाळतात आणि त्याला लाँग टर्म सपोर्ट म्हणतात. आमच्या आजोबांनी हे ऐकलं असतं तर पानाची पिचकारी मारून हसले असते. आता शकुंतला बंद आहे, आणि ब्रॉडगेज वर्ध्याहून 2024 च्या फेब्रुवारीत कळंबपर्यंत येऊन पोचली. यवतमाळला येईल तेव्हा येईल. मधल्या काळात आम्ही ना जुन्या आवृत्तीवर, ना नव्या. बसनं.

पण हिंजवडीवाल्यानं शकुंतलाच माझ्यावर उलटवली. "सर, ते इंजिन सत्तरेक वर्षं आपोआप चाललं का? रोज पहाटे उठून कोणीतरी कोळसा टाकत होतं ना? एक्सपीचा कोळसा कोण टाकणार?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण कोळसा मीच टाकत होतो. क्लासच्या टेबलाखाली एक्सपीचं पेंटियम फोर आहे, सेव्हनचं एक मशीन आहे. प्रत्येक बदलानंतर दोन्ही सुरू करून, त्यांच्यात 'विदर्भ' टाइप करून बघावा लागतो. पेंटियम फोर पूर्ण जागं होईपर्यंत बायकोचा चहा होतो, पिऊन होतो, आणि "अजून तेच मशीन घेऊन बसलात?" हेही विचारून होतं.

तोडगा काढला तो अर्ध्या सभासदानं. त्याची परीक्षा नुकतीच संपली होती. त्यानं रस्ट नावाच्या भाषेचा दाखला आणला. तिथं चालवायच्या मशीनच्या तीन पायऱ्या ठरलेल्या आहेत. 2024 च्या मे महिन्यात 1.78 आवृत्तीपासून त्यांनी साधा पाया दहा नंबरवर नेला आणि सेव्हनला अगदी हाकललं नाही, तिसऱ्या पायरीवर बसवलं. तिथं बसणाऱ्याला कोणी तपासत नाही, हमी देत नाही, पण उठवतही नाही. लग्नात उशिरा आलेल्या लांबच्या नातेवाइकासारखं. पोरानं त्याचं वऱ्हाडी भाषांतर केलं आणि तेच आम्ही प्रोग्रॅमसोबतच्या माहितीत जसंच्या तसं टाकलं: दहा आणि अकरा, 'चालते'. सेव्हन आणि आठ, 'चालन'. एक्सपी, 'पाहून घ्या'.

'चालन' म्हणजे पायथनच्या 3.8 वर बांधलेली वेगळी प्रत, दांड्यांची फाइल आतच भरून. 'पाहून घ्या' म्हणजे 3.4 वर बांधलेली एक जुनी प्रत. ती आम्ही गोठवली. तिच्यात नवीन काही येणार नाही, पण विदर्भ सरळ उमटतो याची खात्री करूनच गोठवली. ज्या मशीनला इंटरनेटची वायर लागत नाही तिथंच ती वापरा, असं ठळक लिहिलं आहे. पेंटियम फोर मी बंद केलं. टेबलाखाली आता पाय लांब करता येतात.

काकाजींना आणि मुनिमाला सीडी मी स्वतः नेऊन दिली. मुनिमाचा ड्राइव्ह चौथ्या प्रयत्नात उघडला. 2006 पासूनची नावं त्या दुपारी युनिकोडमध्ये आली. ती सीडीवर उतरवून नव्या मशीनवर नेली तेव्हा दिसलं, की सगळ्या फायलींवर तारीख 1 जानेवारी 2002 पडली आहे. मधे लाइट गेली होती.

तुमच्याकडे कृतिदेवातलं जुनं काही पडलं असेल, गावाचा इतिहास, भजनी मंडळाची वही, आजोबांचं आत्मचरित्र, तर घेऊन या. दारव्हा रोड, सकाळी दहानंतर. विंडोजचा नंबर नाही सांगता आला तरी हरकत नाही, चित्र कोणतं आहे ते सांगा. पण गजानन महाराजांचा फोटो लावलेला असेल, तर तो लावण्याआधी खाली काय होतं, तेवढं घरच्यांना विचारून या.